ताऱ्यांचे वेग आणि पुण्याची वेधशाळा

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी चंद्राची सावली महाराष्ट्रावरून गेली. विजयदुर्गाच्या बाजूने ती किनाऱ्यावर आली, घाट चढून सोलापूर जिल्ह्यात जेऊरवर पोचली आणि वऱ्हाड-वर्ध्याकडे निघून गेली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची होती. त्या दोन मिनिटांसाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ महिनोन्‌महिने प्रवास करून इथे आले होते. विजयदुर्गाला लंडनचे सर नॉर्मन लॉकयर होते. पुलगावला केंब्रिजचे ह्यू न्यूऑल होते. तळणीला ब्रिटिश हौशी निरीक्षकांच्या पथकात जॉन एव्हरशेड होते. आणि मुंबई-मद्रास लोहमार्गावरच्या जेऊरला पडलेल्या तळांपैकी दोन इथे महत्त्वाचे. एक कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा, विल्यम वॉलेस कॅम्बेल यांचा. दुसरा पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचा, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा.

कॅम्बेल यांची यंत्रे मुंबईहून आगगाडीने निघाली, ती बोरघाटातूनच. १८६३ पासून घाटातला मार्ग पुरा झाला होता आणि दक्षिणेकडे जाणारे सारे सामान खंडाळा, लोणावळा, तळेगाव करत पुण्याला आणि पुढे दौंडमार्गे जेऊरला जाई. चाळीस फूट लांबीचा कॅमेरा, लोलक, भिंगे आणि काचेच्या प्लेटा अशा पेट्या घेऊन ती गाडी मावळातल्या इंदुरी गावाजवळच्या तळेगाव स्थानकावरून गेली असणार. मावळातून ग्रहण खंडग्रासच दिसणार होते. खग्रास पाहण्यासाठी पुण्याच्याही पुढे जावे लागे.

ग्रहणाच्या पुस्तकांत ही हकिकत सूर्याच्या प्रभामंडळाच्या छायाचित्रांसाठी नोंदवली जाते. तिच्या पोटात दुसरी एक हकिकत आहे आणि तीच मला सांगायची आहे. त्या दिवशी महाराष्ट्रात जमलेल्यांपैकी तिघेजण पुढे दृष्टिरेषेतील वेग मोजण्याच्या शास्त्रात मोठे ठरले. खगोलातला पदार्थ आपल्याकडे किती वेगाने येतो आहे किंवा आपल्यापासून किती वेगाने दूर जातो आहे, हे प्रकाशावरून ओळखण्याचे हे शास्त्र. त्यांच्या शेजारी तळ ठोकलेल्या पुण्याच्या प्राध्यापकाकडे त्या वेळी देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि तीही मुद्दाम वर्णपटासाठी घेतलेली. पुढच्या सव्वाशे वर्षांत हे शास्त्र पृथ्वी सोडून अवकाशात गेले आणि त्याने ३ कोटींहून अधिक ताऱ्यांचे वेग मोजले. पुण्याची वेधशाळा मात्र १९१२ मध्ये बंद पडली. हा फरक कशामुळे पडला, हे पाहिले की या शास्त्राचा स्वभावच समजतो.

रेषा सरकते म्हणजे काय

तळेगावच्या फलाटावर उभे राहून न थांबणारी गाडी पाहिली असेल, त्याला तिच्या शिट्टीचा सूर ठाऊक असतो. गाडी येताना सूर चढा, पुढे निघून जाताना उतरलेला. १८४२ मध्ये प्राग येथे ख्रिस्टियन डॉप्लर यांनी सांगितले की प्रकाशाचेही असेच व्हायला हवे. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी गाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवून आणि रुळाकाठी सुरांचे जाणकार उभे करून आवाजापुरते हे सिद्ध केले. प्रकाशासाठी मात्र सूर ऐकण्याजोगे काही नव्हते. पांढरा तारा जरा तांबूस किंवा निळसर झाला तर ते डोळ्याला कळत नाही.

उत्तर वर्णपटात होते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की त्यात काळ्या बारीक रेषा दिसतात. हायड्रोजन, लोह, कॅल्शियम अशा प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा प्रयोगशाळेत ठरलेली असते. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या साऱ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. किती सरकल्या ते मोजले की वेग मिळतो. ताऱ्याचे अंतर माहीत असण्याची गरज नाही, वर्षानुवर्षे त्याची जागा न्याहाळण्याचीही नाही.

तत्त्व साधे, पण मोजमाप जिवावर येणारे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणून सेकंदाला १ किलोमीटर वेगाने रेषेची तरंगलांबी फक्त तीन लाखाव्या भागाने बदलते. नेहमीच्या ताऱ्यांचे वेग काही किलोमीटर ते काही दशक किलोमीटर असतात. त्यात पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने धावते. मार्चमध्ये ज्या ताऱ्यापासून आपण दूर जात असतो, त्याच्याकडेच सप्टेंबरमध्ये येत असतो. हे सगळे वजा करून मग ताऱ्याचा वेग उरतो.

१८६८ मध्ये लंडनजवळ विल्यम हगिन्स यांनी हे पहिल्यांदा करून पाहिले. त्यांनी आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा निवडला, व्याध. डोळा लावून रेषेची जागा ताडली आणि जाहीर केले की व्याध सेकंदाला सुमारे २९ मैलांनी दूर जातो आहे. आज आपल्याला माहीत आहे की तो सेकंदाला साडेपाच किलोमीटरने जवळ येतो आहे. पद्धत बरोबर होती, पण डोळ्याच्या आवाक्यात ती नव्हती.

१८८८

वेग मोजण्याच्या इतिहासात १८८८ हे वर्ष वारंवार येते. त्या वर्षी जर्मनीत पॉट्सडॅम येथे हर्मान फोगल यांनी डोळ्याऐवजी छायाचित्राच्या काचेवर ताऱ्याचा वर्णपट उतरवून रेषा मोजायला सुरुवात केली. काच पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते, निरीक्षकाची धांदल तिच्यावर उमटत नाही. १८९२ पर्यंत त्यांनी आणि यूलियस शायनर यांनी ५१ ताऱ्यांचे वेग दोन-तीन किलोमीटरच्या अचूकतेने दिले. त्याच १८८८ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनच्या माथ्यावर ३६ इंची भिंगाची लिक वेधशाळा विद्यापीठाच्या हाती आली.

आणि त्याच १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जागेत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

तिचे मूळ सहा वर्षे मागे होते. नायगामवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि तिथेच पदार्थविज्ञान शिकवणारे तरुण पारशी प्राध्यापक. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगामवाला यंत्रे आणायला इंग्लंडला गेले. तिथल्या जाणकारांशी बोलून प्रयोगशाळेची कल्पना वाढत वाढत वेधशाळेची झाली. १८८५ मध्ये ते पुण्याला आले आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीची परावर्ती दुर्बीण इथे बसली. २० इंची आरशाची ही दुर्बीण पुढे कित्येक दशके देशातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली गेली.

तिच्या मालकाच्या मनात काय होते ते तिच्याबरोबर घेतलेल्या वर्णपटमापकांवरून कळते. इतर वेधशाळा तेव्हा मुख्यतः ताऱ्यांच्या जागा आणि वेळ मोजत. ही वेधशाळा पहिल्या दिवसापासून तारे कशाचे बनले आहेत हे विचारत होती.

मृगातील एक हिरवी रेषा

नायगामवाला यांचे सर्वांत उल्लेखनीय काम मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे. खंजिराच्या मधल्या ठिपक्याजागी दुर्बिणीतून जो धुरकट मेघ दिसतो, त्याच्या वर्णपटात ५०० नॅनोमीटरच्या जवळ एक ठळक हिरवी रेषा आहे. ती कोणाची, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. लॉकयर यांचे म्हणणे असे की ती तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे. सारे आकाश उल्कांच्या थव्यांतून घडले, हा त्यांचा आवडता सिद्धांत त्यावर उभा होता. पट्ट्याची कड असेल तर ती एका बाजूला विरत गेलेली दिसली पाहिजे.

१८९१ मध्ये पुण्याहून नायगामवाला यांनी कळवले की विस्तार वाढवून पाहिले तरी ही रेषा तीक्ष्णच राहते. तिला विरणारी बाजू नाही. लंडनच्या सर्वांत वजनदार वर्णपटतज्ज्ञाच्या सिद्धांताविरुद्ध पुण्यातल्या एका प्राध्यापकाने दिलेला हा पुरावा होता. आणि तो बरोबर होता. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे.

याच सुमारास लिक वेधशाळेत जेम्स कीलर त्याच मेघाच्या त्याच रेषेवर काम करत होते. ते रेषेची ओळख आणि तिची सरक या दोन्ही गोष्टी एकत्र हाताळत होते. मेघ आपल्यापासून किती वेगाने दूर जातो हे त्यांनी हायड्रोजनच्या रेषेवरून काढले आणि मग हिरव्या रेषेची खरी जागा ठरवली. पुणे आणि लिक यांचे प्रश्न इतके जवळ होते. रेषेची जागा नेमकी ठाऊक नसेल तर वेग सांगता येत नाही, आणि वेग ठाऊक नसेल तर जागा सांगता येत नाही. पुण्याच्या वेधशाळेकडे या प्रश्नात शिरण्याइतकी दुर्बीण होती आणि दृष्टीही होती.

पुण्यात तेव्हा मृगाबद्दल आणखीही बोलणे चालू होते. १८९३ मध्ये टिळकांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला, वेदांच्या काळाचा माग मृगशीर्षावरून घेणारा. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत आला. या शहराचा आकाशाशी असलेला व्यवहार अनेक बाजूंनी जिवंत होता.

जेऊरचे तळ

१८९८ उजाडले तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेग होता, दुष्काळाचे वर्ष नुकतेच सरले होते आणि टिळक तुरुंगात होते. अशा काळात ग्रहणाची पथके उतरली. कॅम्बेल यांच्या मोहिमेचा खर्च कॅलिफोर्नियाच्या क्रॉकर कुटुंबाच्या देणगीतून निघाला. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ सोबत होत्या.

कॅम्बेल यांनी लिकला नुकतेच एक यंत्र उभे केले होते. बँकर डी. ओ. मिल्स यांच्या पैशातून बनलेला हा वर्णपटमापक वेग मोजण्यासाठीच घडवलेला होता. रात्री तापमान उतरले की लोखंड आणि काच आकसतात आणि रेषा आपोआप सरकते, ताऱ्याचा त्यात काहीही संबंध नसतो. म्हणून कॅम्बेल यांनी यंत्र पेटीत बंद करून आतले तापमान स्थिर ठेवले. वेग मोजण्याचे शास्त्र या छोट्या छोट्या काळज्यांवर उभे आहे.

तीच विद्या त्यांनी जेऊरला सूर्यावर लावली. प्रभामंडळ सूर्याबरोबर फिरते का, हे पाहायचे होते. फिरत असेल तर सूर्याच्या पूर्वेकडचा भाग आपल्याकडे येणार, पश्चिमेकडचा दूर जाणार आणि प्रभामंडळाची हिरवी रेषा दोन बाजूंना किंचित वेगवेगळ्या जागी दिसणार. पुलगावला न्यूऑलही याच प्रश्नावर होते. दोघांच्या मध्ये काही शेकडो किलोमीटर अंतर आणि हातात दोनच मिनिटे. याच ग्रहणात असेही लक्षात आले की प्रभामंडळाची ही हिरवी रेषा तोपर्यंत चुकीच्या जागी मानली जात होती. तिची खरी जागा ५३०.३ नॅनोमीटरजवळ आहे. रेषेची जागा आणि वेग यांचे नाते पुन्हा समोर आले.

नायगामवाला यांच्या पथकानेही वर्णपट घेतले. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून निघाला. अनुभवी पथकांच्या शेजारी पुण्याचे पथक आपले काम नीट पार पाडून आले होते.

ग्रहण संपले, तळ उठले. कॅम्बेल आणि न्यूऑल आपापल्या वेधशाळांत परतले आणि वर्षभरात दोघांनी, एकमेकांना न कळत, एकच शोध लावला. ब्रह्महृदय हा तेजस्वी तारा एक नसून दोन आहे. दुर्बिणीत वेगळे न दिसणारे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, हे रेषांच्या पुढेमागे होण्यावरून १८९९ मध्ये त्यांनी ओळखले. फेरा १०४ दिवसांचा. तळणीला आलेले एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि १९०९ मध्ये त्यांनी सूर्यावरील डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे रेषांच्या सरकण्यावरून दाखवले. तो परिणाम आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातल्या त्या दुपारी जमलेल्या माणसांनी वेग मोजण्याचे शास्त्र असे पुढे नेले.

एका माणसाची वेधशाळा

कॅम्बेल यांनी ठरवले होते की डोळ्यांना दिसणाऱ्या ठळक ताऱ्यांचे वेग सरसकट मोजायचे. लिकवरून दक्षिणेचे आकाश दिसत नाही, म्हणून १९०३ मध्ये चिलीत सँटियागोजवळ दुसरे ठाणे उभे केले. ते स्वतः १९०१ ते १९३० वेधशाळेचे संचालक होते. वर्षानुवर्षे साहाय्यक आले, गेले, काचा साठत राहिल्या. १९२८ मध्ये कॅम्बेल आणि जोसेफ मूर यांची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात सुमारे २,८०० तारे होते. सुरुवातीपासून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या यादीमुळे सूर्य शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने कुठे आणि किती वेगाने चालला आहे हे पक्के सांगता आले, सेकंदाला सुमारे १९.५ किलोमीटर.

त्याच काळात पुण्यात काय झाले? तख्तसिंहजी महाराज १८९६ मध्ये वारले. वेधशाळा कॉलेजचा भाग होती आणि नायगामवाला तिचे संचालक, निरीक्षक, लेखक सारे काही होते. पावसाळ्यातले चार महिने आकाश झाकलेले, सह्याद्रीच्या कडेच्या या शहरात तेव्हा दुर्बीण उघडता येत नसे. नायगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रे कोडाईकनालला गेली. ही दुर्बीण भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते.

दुर्बीण वाया गेली नाही, तिने पुढे कोडाईकनालला काम केले. वाया गेली ती पुण्यातली परंपरा. नायगामवाला यांच्याजवळ शिकलेला, त्यांच्यानंतर त्याच जागी, त्याच यंत्राने, त्याच ताऱ्यांकडे पाहणारा कोणी राहिला नाही. हे नुकसान इतर शास्त्रांपेक्षा इथे जास्त मोठे असते, आणि त्याचे कारण वेगाच्या मोजमापातच आहे. ताऱ्याचा वेग एकदा मोजून संपत नाही. एखादा तारा न दिसणाऱ्या सोबत्याभोवती पन्नास किंवा शंभर वर्षांत एक फेरी मारत असेल, तर त्याचा वेग अतिशय मंदपणे बदलतो. तो बदल पकडायचा तर जुने आकडे हवेत. अशा ताऱ्यांचा मार्ग काढताना शंभर वर्षांपूर्वीच्या लिकच्या मोजमापांना म्हणूनच मोल असते. १९१५ किंवा १९३० सालच्या रात्री पुन्हा मोजता येत नाहीत. पुण्याच्या वेधशाळेने त्या वर्षांत काही नोंदवलेच नाही, म्हणून त्या रात्री इथल्या खात्यात नाहीत आणि कोणतेही नवे यंत्र त्या परत आणू शकत नाही.

यादी वाढत गेली

जगात काम चालू राहिले. १९५३ मध्ये राल्फ विल्सन यांनी सगळ्या वेधशाळांचे आकडे एकत्र करून सुमारे १५,००० ताऱ्यांची यादी केली. पहिल्या मोजमापानंतर पंचाऐंशी वर्षांनी एवढेच तारे. प्रत्येक ताऱ्यासाठी दुर्बीण रोखायची, काच तासभर प्रकाशात धरायची, धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजायच्या, एवढे कष्ट त्यामागे होते.

१९६७ मध्ये केंब्रिजला रॉजर ग्रिफिन यांनी त्यातून वाट काढली. एकेक रेषा मोजण्याऐवजी त्यांनी शेकडो रेषांच्या जागी फटी पाडलेला मुखवटा वर्णपटापुढे धरला आणि तो सरकवून कुठे सगळ्या रेषा एकदम जुळतात ते पाहिले. काही मिनिटांत वेग मिळू लागला. या पद्धतीची पुढची यंत्रे इतकी नेमकी झाली की १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोज यांनी ५१ पेगासी या ताऱ्याची सेकंदाला फक्त ६० मीटरच्या आसपासची डुगडुग ओळखून त्याच्याभोवतीचा ग्रह शोधला. २०१९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याकडे माउंट अबूला अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने 'पारस' हा वर्णपटमापक याच कामासाठी उभा केला आणि २०१८ मध्ये त्याच्या आधारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर झाला.

तरी एक अडचण राहिली. जमिनीवरची प्रत्येक दुर्बीण आकाशाचा एक तुकडा पाहते, प्रत्येक यंत्राची मोजपट्टी जराशी वेगळी असते, आणि आपल्या वेधांतले चार महिने पावसात जातात. संपूर्ण आकाशगंगा कशी फिरते हे समजायचे तर एकाच यंत्राने सारे आकाश, एकाच मोजपट्टीने, वर्षानुवर्षे पाहायला हवे. ते जमिनीवरून शक्य नव्हते.

गाया

१९८९ मध्ये युरोपने हिप्पार्कस हा उपग्रह सोडला. त्याने एक लाखाहून अधिक ताऱ्यांच्या जागा आणि आकाशावर आडवी होणारी त्यांची सरक अपूर्व अचूकतेने मोजली. पण दृष्टिरेषेतला वेग मोजण्याची सोय त्याच्यात नव्हती. तारा आडवा कसा चालतो ते कळले, पुढे-मागे कसा ते नाही. तीनपैकी दोनच दिशा माहीत असल्या तर ताऱ्याचा मार्ग काढता येत नाही.

म्हणून पुढच्या मोहिमेत ही उणीव भरून काढायचे ठरले. लेनार्ट लिंडेग्रेन आणि मायकेल पेरिमन यांनी १९९३ मध्ये गायाची कल्पना मांडली. १९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रेंच गयानातील कुरू तळावरून तो निघाला आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन सूर्याकडे पाठ करून फिरत राहिला, दर सहा तासांनी एक गिरकी. दोन दुर्बिणी आकाशाचे दोन भाग एकाच वेळी पाहत होत्या. ताऱ्यांच्या प्रतिमा एका विशाल कॅमेऱ्यावरून सरकत जात, आणि त्या कॅमेऱ्याच्या एका कडेला, १२ डिटेक्टरांवर, त्यांचा वर्णपट उतरत असे.

या वर्णपटमापकासाठी तांबड्या रंगापलीकडचा, ८४५ ते ८७२ नॅनोमीटरचा अगदी अरुंद पट्टा निवडला गेला. त्यात कॅल्शियमच्या तीन ठळक रेषा असतात, ८४९.८, ८५४.२ आणि ८६६.२ नॅनोमीटरला. सूर्यासारख्या आणि त्याहून थंड ताऱ्यांत त्या नेहमी सापडतात, जड मूलद्रव्ये कमी असलेल्या जुन्या ताऱ्यांतही. यंत्राला फट नव्हती. समोर येणाऱ्या प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश सरळ पसरत असे, दाट प्रदेशात शेजारच्या ताऱ्यांचे वर्णपट एकमेकांवर चढत आणि ते नंतर संगणकावर सोडवावे लागत. सूर्यप्रकाशाचा थोडा अंश ढालीच्या कडेवरून आत शिरल्यामुळे मंद ताऱ्यांचे काम अपेक्षेपेक्षा अवघड झाले.

पण या यंत्राबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्यात तुलनेचा दिवा नव्हता. जमिनीवर निरीक्षक ताऱ्याबरोबर दिव्याचाही वर्णपट घेतो आणि त्यावरून शून्य ठरवतो. गायाने आपले शून्य ताऱ्यांवरूनच ठरवले. जमिनीवरच्या वेधशाळांनी ज्यांचे वेग वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजून स्थिर ठरवले होते, अशा काही हजार ताऱ्यांच्या वेगांवर अवकाशातल्या दुर्बिणीची मोजपट्टी बसवली गेली. पृथ्वीवरच्या चिकाटीच्या निरीक्षकांशिवाय ही मोहीम वेगाचा एक आकडाही खात्रीने देऊ शकली नसती.

२५ एप्रिल २०१८ रोजी पहिल्यांदा तिचे वेग जाहीर झाले, ७२ लाखांहून अधिक ताऱ्यांचे. १३ जून २०२२ रोजी हा आकडा ३ कोटी ३० लाखांच्या पुढे गेला. १९२८ मध्ये सुमारे २,८०० आणि १९५३ मध्ये १५,०००, त्यापुढे हा आकडा ठेवून पाहावा. त्यातून आकाशगंगेचा इतिहास वाचता आला. सूर्याजवळच्या काही ताऱ्यांच्या चाली बाकीच्यांशी जुळत नाहीत, कारण ते सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेतून आले आहेत, असे २०१८ मध्ये दिसले. २०२४ मध्ये गरुड तारकासमूहात, सुमारे २,००० प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचे कृष्णविवर सापडले. ते दिसत नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या चालीवरून ते ओळखले. ब्रह्महृदयाच्या बाबतीत कॅम्बेल आणि न्यूऑल यांनी जे केले, तीच रीत.

१५ जानेवारी २०२५ रोजी गायाचे निरीक्षण थांबले आणि मार्चमध्ये त्याला कायमचे बंद केले गेले. कल्पनेपासून शेवटापर्यंत बत्तीस वर्षे. ज्यांनी प्रस्ताव लिहिला ते तोवर निवृत्तीच्या वयाला पोचले होते, पण काम थांबले नाही. साठलेल्या मोजमापांवर अजून वर्षानुवर्षे काम चालेल.

पुण्याचा दुसरा आरंभ

१८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुण्यात जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. २००६ मध्ये तिची दोन मीटर आरशाची दुर्बीण पुणे जिल्ह्यातल्याच गिरवलीच्या डोंगरावर सुरू झाली, वर्णपट घेण्याच्या सोयीसह. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींच्या सरकण्यावरून दूरच्या दीर्घिकांतल्या वायूचे वेग मोजते. विजयदुर्ग-जेऊरच्या दिवसानंतर महाराष्ट्र पुन्हा वेग मोजणाऱ्यांचा झाला आहे. दोन्ही ठिकाणी संस्था माणसांवरच उभ्या आहेत, पण एका माणसावर नाहीत. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले आणि आयुकाचे काम दुसऱ्या दिवशीही चालूच राहिले. नायगामवाला यांना आपल्या वेधशाळेला हे देता आले नाही, आणि तो दोष त्यांचा नव्हता. सरकारने एका प्राध्यापकाच्या कारकिर्दीएवढेच आयुष्य त्या वेधशाळेला दिले होते.

गायाचे सारे वेग सर्वांसाठी मोफत खुले आहेत. इंदुरीत बसलेला विद्यार्थी इंटरनेटवरून ते उतरवून घेऊ शकतो. त्याला इंग्लंडचा प्रवास करावा लागत नाही, संस्थानिकाच्या देणगीची वाट पाहावी लागत नाही. पण त्यातून जो शोध निघेल तो एकेक रात्र नोंदवणाऱ्या वेधशाळांच्या साखळीतून आलेला असेल, आणि ती साखळी चालू ठेवणे हे आता आपलेही काम आहे. गिरवलीवर, खोडदला, अबूला आज घेतलेले आकडे पन्नास वर्षांनी कोणालातरी हवे असतील. ते घेण्यासाठी दुर्बिणी, त्यांना सांभाळणारी माणसे, आणि त्या माणसांनंतर येणारी माणसे, यांवरचा खर्च कोणत्याही एका माणसाच्या निवृत्तीबरोबर थांबता कामा नये. १९१२ मध्ये पुण्यात जे घडले, त्याचा एवढा धडा आपण घेतला तर नायगामवाला यांचे काम अपुरे राहिले असे म्हणावे लागणार नाही.